कोकणी ताट आणि शरीरातलं आम्ल-अल्कली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अल्कलाइन आहार’ हे प्रकरण चाकरमान्यांबरोबर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आता वाडीवाडीत पोचलं आहे. काही पदार्थांनी शरीर आम्लधर्मी होतं, म्हणून ते टाळून ‘अल्कलाइन’ म्हणजे अल्कधर्मी पदार्थ खावेत, असा हा सल्ला. मासे आम्लाचे, भात आम्लाचा, आमसूल तर आंबटच, मग आम्ही खायचं काय, असं लोक विचारतात. नेहमी येणारे प्रश्न खाली घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे पैसा जातो, क्वचित जीवही.

खाण्यापिण्यामुळे रक्त आम्लधर्मी होतं का?

नाही. निरोगी माणसाच्या धमन्यांतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात राहतो, मग तुम्ही बांगड्याचं तिखलं खा नाहीतर नुसती काकडी. ही पीएचची मोजपट्टी १९०९ साली सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. (होय, बिअरवाल्यांचीच प्रयोगशाळा.) ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर अल्कली, आणि एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट. त्यामुळे ७.४ चं ७.१ होणं कागदावर किरकोळ दिसलं तरी तो पेशंट आयसीयूत असतो. ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेलेला माणूस सहसा हाती लागत नाही. जेवणाने रक्त खरंच एवढं हललं असतं, तर लग्नाच्या पंगतीनंतर अर्धी वाडी इस्पितळात दिसली असती.

मग खाल्लेल्या अन्नातून आम्ल तयारच होत नाही का?

होतं ना. मासे, मटण, अंडी, डाळी यांच्या प्रथिनांत गंधक असलेली अमिनो आम्लं असतात. ती वापरली गेली की थोडं सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १ मिलिइक्विव्हॅलंट (आम्ल-अल्कली मोजायचं एकक), म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठेक. रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल निकामी करणारा क्षार, ते जागच्या जागी पकडतं. त्यातून होणारा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसं बाहेर सोडतात. उरलेलं आम्ल मूत्रपिंडं लघवीतून काढून टाकतात आणि खर्ची पडलेलं बायकार्बोनेट पुन्हा भरूनही देतात.

या साठेकची पत्रास किती ते पाहा. नुसत्या जगण्यातून जो कार्बन डायऑक्साइड तयार होतो तो दिवसाला १५,००० मिलिमोलच्या आसपास असतो, आणि पाण्यात विरघळल्यावर तोही आम्लच. तो सगळा श्वासावाटे जातो. श्वास रोखून धरला की थोड्या वेळात जीव कासावीस होतो, त्याचं मोठं कारण प्राणवायूची कमतरता नसून साठत चाललेला हा वायू आणि त्याचं आम्ल असतं. मेंदूला तो बदल लगेच कळतो. शरीराचं या बाबतीतलं लक्ष इतकं तिखट आहे, आणि आपण त्याला लिंबूपाण्याने मदत करायला निघतो.

लिंबू आणि कोकम आंबट असून त्यांना ‘अल्कलाइन’ कसं म्हणतात?

लिंबातलं सायट्रिक आम्ल शरीरात जळून जातं; त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. त्याच्याबरोबर आलेलं पोटॅशियम मागे राहतं आणि हिशोब अल्कलीच्या बाजूला झुकतो. फळं-भाज्यांचं एकूण गणित असंच आहे.

ही कल्पना राखेतून आली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला संशोधक अन्न जाळून उरलेली राख तपासायचे: ती आम्लाची की अल्कलीची? ज्यांच्या घरी राखेने भांडी घासली गेली आहेत त्यांना लाकडाच्या राखेचा गुण वेगळा सांगायला नको. १९९५ मध्ये रेमर आणि मान्झ या जर्मन संशोधकांनी यावरून एक नीट सूत्र केलं. कोणतं अन्न मूत्रपिंडांवर आम्लाचा किती बोजा टाकतं, ते त्यातून काढता येतं. आकडे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये; उणे म्हणजे अल्कलीच्या बाजूला, अधिक म्हणजे आम्लाच्या. शंभर ग्रॅममागे पालक सुमारे उणे १४, बेदाणे उणे २१, केळं उणे साडेपाच. मासे साधारण अधिक सात-आठ. जुनं कडक चीज तर अधिक तिशीच्या पुढे जातं, पण ते आपल्याकडे खातं कोण!

हा बोजा मूत्रपिंडांवरचा आहे, रक्ताच्या पीएचचा नाही, हे इंटरनेटवरच्या रंगीत तक्त्यांत कुठेच लिहिलेलं नसतं. आमसुलाबद्दल म्हणाल, तर आमटीत चार पाकळ्या पडतात. त्यांनी या गणितात काही हलत नाही.

आमचं रोजचं जेवण म्हणजे उकड्या तांदळाचा भात आणि माशाची आमटी. हे सगळंच ‘आम्ली’ झालं की!

सूत्राने मोजलं तर भात थोडा अधिक, मासे अधिक, डाळी आणि कुळीथ शून्याच्या जरा वर. ताटात एवढंच असेल तर लघवी आम्लधर्मी येणार. निरोगी मूत्रपिंडांना त्याचं काही वाटत नाही, हे त्यांचं रोजचंच काम आहे.

तरीही ताटात भाजी कमी असणं ही तक्रार मी करीनच, पण पीएचसाठी नाही. मासळीच्या दिवशी आपल्याकडे भाजी ऐच्छिक होते. भात, कालवण, तळलेली तुकडी, सोलकढी, आणि कांद्याची एखादी चकती पडली तर पडली. तंतुमय पदार्थ, पोटॅशियम, फोलेट हे सगळं त्या जेवणात तोकडं राहतं. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही घरांत ठाण मांडून बसलेले असताना ते परवडत नाही. अल्कलाइन आहार करून ‘बरं वाटलं’ असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. त्यांनी भाज्या वाढवलेल्या असतात. फरसाण, बिस्किटं आणि दारू कमी केलेली असते. गुण त्याचा येतो, श्रेय पीएचला मिळतं.

पावसाळ्यात हे आपोआप सुधारतं. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद, पाठोपाठ श्रावण, आणि परड्यात टाकळा, भारंगी, शेवग्याचा पाला, अळू, कुर्डू. ही पानं एरवीही खाता आली तर खावीत. फक्त त्याच दिवसांत डब्यातलं सुकट आणि खारा बांगडा बाहेर निघतो. तिथे काळजी आम्लाची नाही, मिठाची करायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जावं. खारवलेल्या माशाचे दोन तुकडे आणि लोणचं यांनीच त्यातलं बरंचसं संपतं.

औषधाच्या दुकानातून पट्ट्या आणून लघवी तपासली. ५.५ आली. शरीर आम्लधर्मी झालंय का?

मूत्रपिंडं काम करत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. लघवीचा पीएच ४.५ ते ८ पर्यंत कुठेही असू शकतो आणि दिवसातून अनेकदा बदलतो. सकाळची पहिली लघवी सहसा आम्लधर्मीच असते. एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशांवर हेच पाहिलं होतं. गवत खाणाऱ्या सशाची लघवी गढूळ आणि अल्कधर्मी. त्याच सशाला उपाशी ठेवलं किंवा मांस दिलं की स्वच्छ आणि आम्लधर्मी. अन्न बदललं की लघवी बदलते. त्यावरून रक्ताबद्दल काही सांगता येत नाही. लाळेच्या पट्टीचंही तेच.

सोलकढी प्याल्यार पित्त बसता, ह्यां खरां काय?

बऱ्याच जणांना बरं वाटतं, आणि पिढ्यान् पिढ्या वाटत आलं आहे. पण सोलकढीतलं आगळ (कोकमाचा रस) स्वतः चांगलंच आम्लधर्मी असतं, तेव्हा ते जठरातलं आम्ल ‘मारत’ नाही. बरं वाटण्याची कारणं साधी असू शकतात: तिखट जेवणावर थंड, पातळ काहीतरी मिळतं, नारळाच्या रसाने जिभेची आग कमी होते, आणि माणूस जरा सावकाश जेवतो. छातीत जळजळ होण्याची सवयच असलेल्या काहींना उलट आंबट आणि स्निग्ध पेयांनी त्रास वाढतो. तुमचं पोट काय सांगतं ते बघा. चालत असेल तर खुशाल प्या. लसूण-मिरची कमी, मीठ बेताचं.

कोकमाचं गोड सरबत ही वेगळी वस्तू आहे. बाटलीतल्या अमृत कोकमात निम्म्याहून अधिक साखर असते. मधुमेह्यांनी ‘कोकम औषधी’ म्हणून ते रिचवू नये.

म्हणजे पोटातल्या अ‍ॅसिडिटीचा आणि रक्ताचा संबंध नाही?

नाही. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, पीएच साधारण १.५ ते ३.५, आणि ते असायलाच हवं; प्रथिनं पचतात, जंतू मरतात. त्रास होतो तो हे आम्ल अन्ननलिकेत वर चढलं की, किंवा जठराच्या अस्तराला जखम झाली की. वर चढण्यामागे रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवं होणं, वाढलेलं पोट, तंबाखू-मिश्री, दारू ही नेहमीची मंडळी. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू वीतभर उंच करा. नुसत्या जास्त उशा घेऊन मान दुखते, बाकी काही होत नाही.

अल्सरबद्दल मात्र आपल्याकडे अजून मिरचीलाच दोष देतात. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८० च्या दशकात दाखवलं की बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. मार्शल यांनी तर १९८४ मध्ये त्याचं द्रावण स्वतःच पिऊन पाहिलं. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण म्हणजे कंबरदुखी-गुडघेदुखीवर महिनोन्‌महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. दोन्हींवर इलाज आहेत, आणि त्यांपैकी एकही पथ्याच्या तक्त्यात सापडत नाही.

थंड दूध पिऊन घटकाभर आराम पडतो. नंतर त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम आम्ल आणखी सुटायला लावतात.

जेवणानंतर चमचाभर खायचा सोडा घेतला तर?

कधीतरी चिमूटभर घेतल्याने काही बिघडत नाही. रोज चमचाभर घेणं वाईट. एका सपाट चमच्यात सुमारे १,२०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि दिवसाची वरची मर्यादा २,००० ची. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर रोजच्या सोड्याने पायांवर सूज आणि दम लागणं इथपर्यंत मजल जाते. इनोच्या पाकिटातही मुख्यतः हाच सोडा असतो.

आणि एक गोष्ट जरा आवाज चढवून सांगतो. छातीत दाबल्यासारखं होतंय, दरदरून घाम सुटलाय, दुखणं जबड्यात किंवा डाव्या हातात उतरतंय, तर ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पीत घरी बसू नका. बायकांत आणि मधुमेह्यांत हार्ट अटॅक नुसत्या जळजळीसारखा किंवा मळमळीसारखाही येतो. आपल्याकडे वाडीपासून ईसीजीच्या मशीनपर्यंत पोचायलाच वेळ जातो. त्यात ढेकर येण्याची वाट पाहण्यात आणखी तास घालवू नये. १०८ ला फोन करा.

अल्कलाइन पाण्याचं मशीन घ्यावं का? डेमो देणारे दादा घरी येऊन रंग बदलून दाखवतात.

रंग खरोखरच बदलतो, कारण पाण्याचा पीएच खरोखरच वाढलेला असतो. पण ते पाणी जठरात उतरलं की तिथल्या आम्लात त्याचा अल्कलीपणा संपतो. संपला नाही तरी जास्तीची अल्कली मूत्रपिंडं लघवीतून काढतात. या मशीनच्या किमती लाखाच्या घरात जातात, आणि विकणारा बहुतेकदा ओळखीतला किंवा नात्यातला असतो, म्हणून नाही म्हणणं जड जातं. म्हणा. तेवढ्या पैशांत कुटुंबाची बरीच वर्षांची भाजी येईल.

आमच्या विहिरीच्या पाण्याचा पीएच ६.२ आला. प्यायचं की नाही?

आपल्याकडे हे सर्रास आढळतं. जांभ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात चुन्याचा अंश कमी, त्यामुळे पीएच ७ च्या खाली असतो. जमीनही तशीच आम्लधर्मी, म्हणून तर शेतात चुना टाकायला सांगतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ६.५ ते ८.५ आहे. ६.२ ने शरीराला काही होत नाही, पण असं पाणी धातूचे पाइप हळूहळू खातं आणि तो धातू पाण्यात उतरतो. लोखंडी किंवा तांब्याची लाइन असेल तर प्लास्टिकची करून घ्या. तपासणीच करायची तर जंतूंची करा, विशेषतः पहिल्या पावसानंतर, आणि तोवर पाणी उकळून प्या. तुमच्या विहिरीचा खरा प्रश्न तो आहे.

कर्करोग अल्कधर्मी शरीरात जगत नाही, असं नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने सांगितलंय ना?

ऑटो वारबुर्ग यांच्या नावावर हे खपवलं जातं. कर्करोगाच्या पेशी प्राणवायू असतानाही साखर आंबवल्यासारखी वापरतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात, हे निरीक्षण त्यांचंच, १९२० च्या दशकातलं. १९३१ चं नोबेल मात्र त्यांना पेशींच्या श्वसनातल्या विकराच्या शोधासाठी मिळालं. गाठीच्या आसपासचं आम्ल गाठच तयार करते. जेवणामुळे ते येत नाही आणि जेवण बदलून जात नाही. शिवाय रक्ताचा पीएचच अन्नाने बदलत नसेल, तर पुढचा सगळा युक्तिवाद उभा राहतो कशावर?

या कल्पनेचे सर्वांत मोठे प्रचारक, अमेरिकेतले रॉबर्ट यंग, यांना परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल २०१७ मध्ये तीन वर्षं आठ महिन्यांची शिक्षा झाली. परळच्या टाटा रुग्णालयाची तारीख मिळालेली असताना ‘आधी दोन महिने अल्कलाइन करून बघू’ असं कोणी म्हणत असेल, तर घरच्या मोठ्यांनी मध्ये पडावं. त्या दोन महिन्यांत गाठ वाढत असते. उपचार चालू असताना तोंड कोरडं पडतं, चव जाते; तेव्हा पेज, मऊ भात, माशाचं पातळ कालवण, जे जाईल ते द्या. वजन टिकणं जास्त महत्त्वाचं.

आम्ल मारण्यासाठी शरीर हाडांतलं कॅल्शियम काढतं, हे खरं का?

बराच काळ असं मानलं जायचं, कारण प्रथिनं वाढवली की लघवीतलं कॅल्शियम वाढतं. पुढे कळलं की प्रथिनांमुळे आतड्यातून कॅल्शियम शोषलंही जास्त जातं. लघवीत दिसतं त्यातलं बरंचसं तिथून येतं. आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा हाडं झिजण्याशी या आम्लाचा संबंध सिद्ध झाला नाही. काट्यासकट खाल्लेली मांदेली आणि तारली हाडांना हितकारकच. हाडांचं नुकसान करतात ती तंबाखू, बैठेपणा, उन्हाशी वैर आणि जादा मीठ.

मग या सगळ्याचा उपयोग कोणालाच नाही?

आहे, आणि तो लघवीतच आहे.

मुतखडा झालेल्यांना आहे. युरिक आम्लाचे खडे आम्लधर्मी लघवीत, साधारण ५.५ च्या खाली, धरतात. डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात ते लघवीचा पीएच वर नेण्यासाठी, आणि त्याने असे खडे विरघळतातसुद्धा. लिंबाच्या सरबतातलं सायट्रेट कॅल्शियमच्या खड्यांनाही आळा घालतं. साखर न घालता घ्या. वैशाखातल्या घामात लघवी कमी आणि गडद होते, म्हणून दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी पोटात जायला हवं. युरिक आम्ल वाढलेल्यांनी बांगडा, तारली, पेडवे आणि कोळंबी आवरती घ्यावी. ऑक्झलेटचे खडे असतील तर अळू कमी करा.

किडनी खराब झालेल्यांनी अल्कलाइन आहार घ्यावा का? शहाळं रोज देतो.

थांबा. इथे चूक जिवावर बेतते. मूत्रपिंडं दमली की रक्तात खरोखरच आम्ल साठतं, बायकार्बोनेट लिटरमागे २२ मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली जातं. डॉक्टर सोडाबायकार्बच्या गोळ्या देतात, काहींना ठरावीक फळं-भाज्या वाढवायलाही सांगतात. पण तीच मूत्रपिंडं पोटॅशियमही बाहेर टाकू शकत नाहीत, आणि ‘अल्कलाइन’ पदार्थ म्हणजे बहुधा पोटॅशियमचे पदार्थ. एका मोठ्या शहाळ्यात ५०० ते ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं. रक्तात ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, कधी थांबतात, आणि आधी काही सूचनाही मिळत नाही. केळं, फणस, बटाटा, टोमॅटो, ‘लो सोडियम’ मीठ यांचंही तेच. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिलं तर पोटॅशियम कमी होतं. रोजचं शहाळं आजच बंद करा आणि डॉक्टरांना पोटॅशियम तपासायला सांगा.

परसातली दोन झाडंही सांगून ठेवतो. करमळ (स्टारफ्रूट) किडनीच्या रुग्णाला अजिबात देऊ नये. त्यातल्या विषारी घटकाने उचकी लागते, भान जातं, झटके येतात. आणि बिलंबीचा रस कोलेस्टेरॉलवर उपाय म्हणून पेलाभर पिण्याची टूम केरळात निघाली होती, तेव्हा धडधाकट माणसांची मूत्रपिंडं त्यातल्या ऑक्झलेटने बंद पडली. माशाच्या आमटीत दोन-चार बिलंब्या ठीक आहेत. रस काढून पिऊ नका.

उपवासाने शरीरात आम्ल होतं का?

दिवसभर निरंकार राहिलात तर किटोन (चरबी जळताना होणारे आम्लधर्मी पदार्थ) थोडे वाढतात, शरीर सांभाळून घेतं. मधुमेह्यांचं वेगळं. इन्सुलिन चुकवलं तर किटोन इतके वाढतात की रक्त खरंच आम्लधर्मी होतं: खोल जोरजोरात श्वास, उलट्या, पोटदुखी, ग्लानी. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर फारशी वाढलेली नसतानाही हे होऊ शकतं. अशांनी एकादशी, चतुर्थी किंवा नवरात्र धरण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

सकाळी उपाशीपोटी लिंबूपाणी घेते. दातांना त्रास होईल का?

होऊ शकतो. ५.५ च्या खाली दातांचं एनॅमल विरघळू लागतं, आणि लिंबूपाणी त्याच्या बरंच खाली. एका दमात प्या, चूळ भरा, अर्धा तास ब्रश करू नका. कैरी-मीठ चघळत बसणाऱ्या मुलांनाही हेच सांगा.

आम्ल-अल्कली तपासायचंच असेल तर कोणती टेस्ट?

धडधाकट माणसाला कोणतीच नको. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर क्रिएटिनिन आणि सोडियम-पोटॅशियमबरोबर बायकार्बोनेट सांगता येतं, शिरेतल्या रक्तावर होतं. धमनीतून रक्त काढून करायची एबीजी ही तपासणी मोठ्या इस्पितळात, माणूस गंभीर असतानाच होते. ‘फुल बॉडी अल्कलाइन चेकअप’ असं पत्रक कोणी दिलं तर त्याची पुडी बांधायला घ्या.